विंडोज सर्व्हर आणि लिनक्स सर्व्हर यांच्यात फायली शेअर करणं: साम्बाचा सेटअप पहिल्यापासून

एकाच ऑफिसात दोन वेगळ्या सिस्टिमचे सर्व्हर असणं आता नेहमीचं झालं आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं म्हणून एक विंडोज सर्व्हर, आणि वेबसाइट, बॅकअप किंवा कुणीतरी खास बनवून दिलेली प्रणाली यासाठी एक लिनक्स सर्व्हर. मग एक दिवस साहेब म्हणतात, "त्या मशीनवरची फाइल या मशीनवर दिसली पाहिजे," आणि काम नेमकं नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे.

साम्बा म्हणजे लिनक्सला विंडोजच्या पद्धतीने फायली शेअर करू देणारं सॉफ्टवेअर. त्याची सेटिंग फाइल फार मोठी नसते आणि ती क्वचितच दगा देते. सगळा घोळ होतो तो "समोरच्या सर्व्हरच्या लेखी तुम्ही कोण आहात" या प्रश्नात. विंडोजवरची अनिता आणि लिनक्सवरची अनिता या सर्व्हरच्या दृष्टीने दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. त्यांची गाठ आपण घालून द्यायची असते. ती नीट घातली की बाकीचं भराभर होतं. नाही घातली की माणूस वैतागतो, फोल्डरला ७७७ परवानगी (म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं) देऊन मोकळा होतो, आणि पगारपत्रक सगळ्या ऑफिसला उघडं पडतं.

मी उबुंटू २४.०४ आणि विंडोज सर्व्हर २०२२ धरून लिहितो आहे. आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

साम्बाच का, एनएफएस का नाही?

लिनक्सच्या जगात फाइल शेअरिंगसाठी एनएफएस जुनं आणि चांगलं आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९८४ मध्ये आणलं. दोन्ही सर्व्हर लिनक्स असतील तर बिनधास्त तेच वापरा. पण नेहमीच्या सेटअपमध्ये एनएफएस माणसाला नावाने किंवा पासवर्डने ओळखत नाही. क्लायंट जो युजर क्रमांक सांगेल त्यावर ते विश्वास ठेवतं. विंडोजकडे असे क्रमांकच नसतात, त्यामुळे ते जुळवण्यातच जीव जातो. फाइल शेअरिंगची विंडोजची स्वतःची भाषा एसएमबी. ती युनिक्स मशीनना (लिनक्स त्याच घराण्यातलं) बोलता यावी म्हणून १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्रू ट्रिजेल यांनी जे सुरू केलं त्याचंच पुढे साम्बा झालं. दोन वेगळ्या सिस्टिममध्ये काम करायचं तर हाच रस्ता धरा.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- लिनक्सवर सुडोचा अधिकार (ॲडमिनच्या हक्काने आज्ञा चालवण्याचा) आणि विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं
- दोन्ही सर्व्हरना कायमचे आयपी पत्ते. या लेखात लिनक्स १९२.१६८.१.१० आणि विंडोज १९२.१६८.१.२० धरले आहेत
- जे फोल्डर शेअर करायचे त्यांचा ताजा बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर
- ऑफिस सुटल्यानंतरचा निवांत वेळ
- कोणाला काय दिसायला हवं याची यादी, साहेबांकडून होकार घेतलेली

आयपी पत्ता राउटरने दर वेळी नवा दिला तर आज चालणारं शेअर सोमवारी चालणार नाही. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवा किंवा सर्व्हरवरच पक्का करा.

१. आधी कागदावर मांडा

तीन रकाने आखा: फोल्डर, नुसतं वाचणारे, लिहिणारे. उदाहरणार्थ "हिशेब" फोल्डरात अनिता आणि सुरेश लिहिणार, ऑडिटर फक्त वाचणार. परवानगी माणसाला न देता ग्रुपला द्यायची सवय पहिल्यापासून लावा. उद्या सुरेश गेला आणि त्याच्या जागी दुसरं कुणी आलं तर ग्रुपमधलं एक नाव बदललं की काम झालं.

याच वेळी ऑफिसातल्या जुन्या वस्तूंकडे बघून घ्या, विशेषतः स्कॅन करून थेट फोल्डरात टाकणाऱ्या झेरॉक्स मशीनकडे. जुनी मशीन बऱ्याचदा फक्त एसएमबी १ बोलतात. साम्बाने ४.११ या आवृत्तीपासून ते बंद ठेवलं आहे आणि नवीन विंडोजमध्येही ते येत नाही. मशीन दुरुस्त करणारा सहज सांगून जातो, "सर्व्हरवर एसएमबी १ चालू करा, होईल." करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) याच जुन्या एसएमबीच्या भगदाडातून जगभर पसरलं. पुढच्याच महिन्यात तेच भगदाड वापरणाऱ्या नॉटपेट्याने आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम ठप्प केलं. मशीनला स्कॅन ईमेलने पाठवायला लावा. एका स्कॅनरसाठी सगळा सर्व्हर पणाला लावू नये.

२. लिनक्सवर साम्बा बसवा

"सुडो ॲप्ट अपडेट", मग "सुडो ॲप्ट इन्स्टॉल साम्बा एसएमबीक्लायंट". नंतर "सिस्टिमसीटीएल स्टेटस एसएमबीडी" देऊन सर्व्हिस चालू आहे का बघा. रॉकी किंवा रेड हॅट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांवर ॲप्टऐवजी डीएनएफ, आणि सर्व्हिसचं नाव नुसतं एसएमबी.

मूळ सेटिंग फाइलची एक प्रत लगेच काढून ठेवा. ती ईटीसी फोल्डरात, साम्बा नावाच्या फोल्डरात, एसएमबी डॉट कॉन्फ या नावाने असते.

३. युजर आणि ग्रुप तयार करा

ही पायरी घाईत उरकू नका. साम्बामध्ये प्रत्येक माणसाच्या दोन नोंदी लागतात: लिनक्सचं खातं आणि साम्बाचा वेगळा पासवर्ड. साम्बा स्वतःची पासवर्डची वही ठेवतं. लिनक्सचा पासवर्ड बदलला म्हणून त्या वहीत आपोआप काही बदलत नाही.

क्रम असा:

"सुडो ग्रुपॲड हिशेब" देऊन ग्रुप बनवा. मग "सुडो यूजरॲड" देऊन अनिताचं खातं बनवा. तिला सर्व्हरवर लॉगिन करायचं नाही, फक्त फायली वापरायच्या आहेत. म्हणून शेल (लॉगिन झाल्यावर चालणारा प्रोग्राम) "नोलॉगिन" ठेवा. त्यानंतर "सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए अनिता" देऊन साम्बाचा पासवर्ड ठरवा. लिनक्सचं खातं आधी नसेल तर ही शेवटची आज्ञा नोंद घालता आली नाही म्हणून थांबते. नवे लोक तिथे साम्बाच परत बसवत राहतात. दोष फक्त क्रमाचा असतो.

ग्रुपमध्ये घालताना "यूजरमॉड" बरोबर लहान ए आणि मोठा जी, दोन्ही द्या. लहान ए विसरलात तर तो माणूस बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडतो. स्वतःच्या खात्यावर हे झालं तर सुडोचा अधिकारही जातो.

कुणाकुणाच्या नोंदी आहेत ते "सुडो पीडीबीएडिट" आणि मोठा एल देऊन दिसतं.

४. फोल्डर आणि त्याची परवानगी

शेअरचे फोल्डर कुणाच्या होममध्ये ठेवू नका. उबुंटूमध्ये २१.०४ पासून नवं होम फोल्डर इतरांना बंद असतं. आतल्या फोल्डरला कितीही परवानगी दिली तरी वरच्या फोल्डरातून आत शिरताच येत नसेल तर उपयोग शून्य. त्यासाठी एसआरव्ही नावाचा फोल्डर असतोच, त्याच्या आत "हिशेब" बनवा.

मग "चोन" ने मालक रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) आणि ग्रुप हिशेब करा, आणि परवानगी ठरवणाऱ्या "चमॉड" ने २७७० द्या. ७७० म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, इतरांना काहीच नाही. सुरुवातीचा २ महत्त्वाचा आहे. त्याच्यामुळे या फोल्डरात बनणारी प्रत्येक नवी फाइल हिशेब ग्रुपच्या नावे होते. तो नसेल तर अनिताने बनवलेली फाइल फक्त अनिताच्या ग्रुपची राहते, सुरेशला ती उघडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन तुम्हाला येतो.

५. सेटिंग फाइलमध्ये शेअर लिहा

फाइलच्या शेवटी चौकोनी कंसात शेअरचं नाव लिहा आणि त्याखाली एकेका ओळीत:

पाथ = एसआरव्हीमधल्या हिशेब फोल्डरचा पूर्ण पत्ता
व्हॅलिड युजर्स = @हिशेब, ऑडिटर
रीड ओन्ली = नो
रीड लिस्ट = ऑडिटर
फोर्स ग्रुप = हिशेब
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०

@ चिन्हाचा अर्थ "या ग्रुपमधले सगळे". क्रिएट मास्क न लिहिल्यास साम्बा ०७४४ धरतं, म्हणजे ग्रुपला फाइल वाचता येते पण लिहिता येत नाही. "सुरेशला फाइल दिसते पण सेव्ह होत नाही" ही तक्रार जवळपास नेहमी इथूनच येते.

याच फाइलमध्ये वरती ग्लोबल भागात उबुंटू "मॅप टू गेस्ट = बॅड यूजर" अशी ओळ देऊन ठेवतं. तिच्यामुळे कुणी युजरचं नाव चुकीचं टाइप केलं तर साम्बा त्याला "नाव चुकलं" असं सांगत नाही. गुपचूप पाहुणा म्हणून आत घेतं आणि मग फोल्डरवर परवानगी नाकारतं. तुम्ही परवानग्या तपासत बसता आणि चूक नावाच्या एका अक्षरात असते. ती ओळ "नेव्हर" करा.

फाइल सेव्ह केली की "टेस्टपार्म" चालवा. स्पेलिंगची चूक ते लगेच दाखवतं. मग "सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी".

परवानगी कुठे अडली हे शोधताना एवढं लक्षात ठेवा: वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतल्या खोलीचं कुलूप, दोन्ही उघडली तरच आत जाता येतं. साम्बाची सेटिंग म्हणजे दरवाजा, चमॉडची परवानगी म्हणजे खोलीचं कुलूप. दोघांपैकी जो कडक, त्याचं चालतं. विंडोजच्या बाजूलाही शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची (विंडोजच्या डिस्कवरच्या फाइल सिस्टिमची) परवानगी यांचं अगदी असंच नातं आहे.

६. फायरवॉल

एसएमबीला टीसीपीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट लागतो. तो फक्त ऑफिसच्या नेटवर्कसाठी उघडा: "सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी ॲप साम्बा", यात साम्बाचा एस मोठा. रॉकीवर फायरवॉलडीमध्ये साम्बा सर्व्हिस जोडा. तिथे एसईलिनक्स ही जादा सुरक्षा व्यवस्थाही चालू असते. फोल्डरला "साम्बा शेअर" हे लेबल "सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट" ने द्यावं लागतं आणि "रिस्टोरकॉन" ने लागू करावं लागतं. एसईलिनक्स बंद करून टाका असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळेल. लेबलचं काम दोन ओळींचं आहे, तेच करा.

घरून काम करण्यासाठी राउटरवर ४४५ इंटरनेटला उघडून द्या असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. व्हीपीएन लावा आणि त्यातून शेअर वापरा.

७. आधी घरात तपासा, मग बाहेरून

विंडोजकडे जाण्याआधी लिनक्सवरूनच "एसएमबीक्लायंट" ने लोकलहोस्टवरचं (म्हणजे याच मशीनवरचं) हिशेब शेअर उघडून बघा. मोठ्या यू पुढे युजरचं नाव द्या. इथे अडलं तर दोष साम्बात किंवा परवानगीत आहे. इथे चाललं आणि विंडोजवरून नाही चाललं तर फायरवॉल, नेटवर्क किंवा विंडोजने साठवलेला जुना पासवर्ड बघा. या एका तपासणीने शोधाची निम्मी दिशा ठरते. लॉगऑन फेल्युअर आलं तर नाव किंवा पासवर्ड, ॲक्सेस डिनाइड आलं तर परवानगी, बॅड नेटवर्क नेम आलं तर शेअरचं नाव चुकलं आहे.

८. विंडोजवरून जोडा

फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, लिनक्सचा आयपी, एक उलटी रेघ आणि हिशेब असं टाका. "नेटवर्क" मध्ये सर्व्हरचं नाव दिसत नाही म्हणून घाबरू नका. ते दिसणं ही वेगळी सोय आहे. एसएमबी १ बरोबर जुनी पद्धत गेली, आता त्यासाठी लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी बसवावं लागतं. पत्ता टाकून उघडतं आहे तर शेअर ठीक आहे.

पासवर्ड विचारणाऱ्या खिडकीत विंडोज बऱ्याचदा तुमचं स्वतःचं नाव किंवा ईमेल आधीच भरून ठेवतं. तिथे "दुसरं खातं वापरा" हा पर्याय निवडून साम्बातलं नाव द्या. कॉम्प्युटर उघडायचा पिन इथे चालत नाही.

एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन नावांनी जोडायला विंडोज नकार देतं आणि १२१९ क्रमांकाची एरर देतं. आधी चाचणीसाठी स्वतःच्या नावाने जोडलेलं असतं, मग अनिताच्या नावाने जोडायला जातो, तेव्हा हमखास हेच येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये "नेट यूज" देऊन यादी बघा आणि जुना जोड "डिलीट" करा. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठलेला असेल तर तोही काढा. लिनक्सवर ग्रुप बदलला असेल तरी असंच तोडून पुन्हा जोडावं लागतं. चालू असलेल्या जोडणीला नवा ग्रुप कळत नाही.

विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती पासवर्डशिवायच्या गेस्ट शेअरला प्रो मध्येही नकार देते. आपण प्रत्येकाला पासवर्ड दिला आहे, त्यामुळे हा प्रश्न येणार नाही.

९. उलट दिशा: विंडोजचं फोल्डर लिनक्सवर

आधी विंडोज सर्व्हरवर "लिनक्सबॅकअप" असं एक साधं खातं बनवा आणि त्याला फक्त हवं ते फोल्डर द्या. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लिनक्सच्या फाइलमध्ये कधीही लिहू नका. या खात्याच्या पासवर्डची मुदत मात्र तपासा. विंडोजची मूळ मुदत ४२ दिवसांची असते. सगळं सुरळीत चालू असताना दीड महिन्याने बॅकअप बंद पडतो आणि कुणालाच कारण कळत नाही, ते यामुळे.

शेअरच्या परवानगीत विंडोज "एव्हरीवन" ला फक्त वाचायचा हक्क देतं. या खात्याला तिथे चेंज द्या आणि बाकीचं नियंत्रण एनटीएफएसच्या परवानगीत ठेवा.

लिनक्सवर "सीआयएफएस-युटिल्स" बसवा. ते नसेल तर माउंट करताना (म्हणजे विंडोजचं फोल्डर लिनक्सवर जोडताना) "राँग एफएस टाइप" अशी दिशाभूल करणारी एरर येते. मग रूटच्या फोल्डरात एक फाइल बनवून तीन ओळी लिहा: यूजरनेम, पासवर्ड, डोमेन. डोमेन नसेल तर विंडोज सर्व्हरचं नाव. या फाइलला ६०० परवानगी द्या. पासवर्ड थेट माउंटच्या आज्ञेत लिहिला आणि त्यात स्वल्पविराम असला तर आज्ञा तिथेच तुटते. फाइलमध्ये ती अडचण नाही.

कायमची जोडणी एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय काय जोडायचं त्याच्या यादीच्या फाइलमध्ये) लिहा. पर्यायांत क्रेडेन्शियल्सची फाइल, यूआयडी (युजर क्रमांक), जीआयडी (ग्रुप क्रमांक) आणि त्यांच्याबरोबर "नेटडेव्ह" (आधी अंडरस्कोर) व "नोफेल" हे दोन नक्की घाला. नोफेल नसेल आणि वीज आल्यावर विंडोज सर्व्हर उशिरा उठला, तर लिनक्स सर्व्हर बूट होताना त्याची वाट बघत अडकतो. आपल्याकडे वीज जाते तेव्हा दोन्ही एकदमच बंद पडतात, त्यामुळे ही वेळ येणारच.

माउंट करताना एरर १३ म्हणजे पासवर्ड किंवा परवानगी. एरर ११२, "होस्ट इज डाउन", म्हणजे मशीन खरंच बंद असेलच असं नाही, बहुधा एसएमबीची आवृत्ती जुळत नाही. आणि या फोल्डरावर चमॉड, चोन करत बसू नका. लिनक्सला दिसणारा मालक फक्त दाखवण्यापुरता असतो, खरा निर्णय विंडोज त्या खात्याकडे बघून घेतो.

इथला सगळ्यात महागात पडणारा सापळा असा: माउंट झालेलं नसतं तेव्हाही ते रिकामं फोल्डर लिनक्सवर असतंच. बॅकअपची स्क्रिप्ट त्यातच लिहीत राहते. लिनक्सची स्वतःची डिस्क भरते आणि विंडोजवर काहीही पोचलेलं नसतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला "माउंटपॉइंट -क्यू" ची तपासणी घाला आणि माउंट नसेल तर तिथेच थांबवा.

१०. मराठी नावाच्या फायली

हा मुद्दा इंग्रजी मार्गदर्शकांत फारसा मिळत नाही, पण आपल्याकडे रोजचा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट मिळतात, विंडोजमध्ये २५५ अक्षरं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "महाराष्ट्र" हा शब्द एकटाच १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. म्हणून लिनक्सवर देवनागरी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचं बसतं. सरकारी पत्रांच्या फायलींना विषयाचं आख्खं वाक्य नाव म्हणून देण्याची पद्धत असते. अशी फाइल विंडोजवर छान चालते आणि लिनक्सच्या शेअरवर कॉपी होताना नाव मोठं आहे म्हणून अडते. नाव लहान करा, दुसरा इलाज नाही.

लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह, तारा किंवा विसर्गासारखं दिसणारं कोलन चालतं, विंडोजवर नाही. देवनागरी विसर्ग मात्र दोन्हीकडे चालतो. लिनक्सवरून बनवलेल्या फाइलचं नाव विंडोजवर विचित्र, तुटक दिसलं तर असलंच एखादं चिन्ह शोधा.

११. चुकून डिलीट झालेली फाइल

नेटवर्कवरच्या शेअरमधून डिलीट केलेली फाइल विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ नाहीशी होते. हे कर्मचाऱ्यांना माहीत नसतं. साम्बात यावर उपाय आहे: शेअरच्या भागात "व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = रीसायकल" लिहा, सोबत "रीसायकल:रिपॉझिटरी" मध्ये लपलेल्या फोल्डरचं नाव द्या आणि "रीसायकल:कीपट्री = येस" करा. मग डिलीट केलेल्या फायली त्यांच्या मूळ फोल्डरच्या रचनेसकट तिथे जमा होतात. जुन्या फायली साम्बा आपणहून काढत नाही, त्यासाठी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) एक ओळ टाका. याला बॅकअप समजू नका. रॅन्समवेअर शेअरवर पोचलं तर तेही फोल्डर त्याच्या हाती लागतं. खरा बॅकअप अशा डिस्कवर असावा जी या शेअरमधून दिसतच नाही.

१२. सोपवण्याआधी

अनिताच्या नावाने एक फाइल बनवा, सुरेशच्या नावाने ती उघडून बदला, ऑडिटरच्या नावाने ती बदलायचा प्रयत्न करा आणि नकार येतो ना ते बघा. नकार येण्याची चाचणी लोक करतच नाहीत, आणि तीच सगळ्यात गरजेची आहे. मग दोन्ही सर्व्हर बंद करा. एकदा विंडोज आधी चालू करा, एकदा लिनक्स आधी. लिनक्स आधी उठलं तर विंडोजचं फोल्डर आपोआप जोडलं जाईलच असं नाही, तेव्हा विंडोज उठल्यावर ते पुन्हा माउंट करा. दोन्ही वेळा लिनक्स न अडकता उठलं आणि "माउंट" च्या यादीत विंडोजचं फोल्डर दिसलं, की युजरची यादी, आयपी पत्ते आणि दोन्ही सेटिंग फायलींच्या प्रती साहेबांकडे देऊन ठेवा. पासवर्ड त्या कागदावर नको.